विश्लेषण : दुचाकीच्या ‘वायरी’मागचा माणूस… सोइचिरो होंडा यांनी क्लचची केबल का काढून टाकली?

मुंबईहून गोव्याकडे जाताना सिंधुदुर्ग जिल्हा सुरू होतो तो खारेपाटणला. इथूनच एक रस्ता भुईबावडा घाटाने गगनबावड्याकडे चढतो. विजयदुर्गच्या खाडीवरचे हे जुने बंदर. हवेत ओल, त्यात चार महिने धो-धो पाऊस. दुचाकीची एक्सलेटर केबल आतून गंजते, जड होते आणि एखाद्या दिवशी रेस सोडली तरी इंजिन खाली उतरत नाही. सपाट रस्त्यावर हा नुसता मनस्ताप असतो. घाटाच्या वळणावर जीवावर बेतू शकते. १ एप्रिल २०२० पासून ‘बीएस-६’ नियम आले आणि नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला. पण त्याआधीच्या हिरो होंडा गाड्या अजून गावोगावी चालत्या आहेत. त्यांच्या टाकीवर ज्याचे आडनाव आहे, तो माणूस मुळात दुरुस्तीवालाच होता.

केबल नेमके काय करते?

बोलीभाषेत आपण तिला ‘वायर’ म्हणतो, पण तिच्यातून वीज जात नाही. पोलादी तारांचा पीळ आणि त्यावर न दबणारे आवरण, एवढीच ती वस्तू. अर्नेस्ट बोडेन यांनी १८९६ मध्ये तिचे पेटंट घेतले. मूठ पिळली की आतली तार ओढली जाते, कार्ब्युरेटरमधली स्लाइड वर उचलली जाते आणि हवा-पेट्रोल जास्त जाते. स्लाइड खाली आणण्याचे काम मात्र केबलचे नाही, स्प्रिंगचे आहे. म्हणूनच केबल आत घासली की गाडी ‘रेस’मध्येच अडकते.

नवी केबल घालताना खरी चूक होते ती मार्ग बदलण्याची. जुनी केबल जिथून गेली होती तिथूनच नवी न्यावी लागते. नाहीतर हँडल वळवताच ती ताणली जाते आणि इंजिन आपोआप चढते. मुठीला साधारण २ ते ६ मिलिमीटर ‘प्ले’ ठेवायचा. इंजिन बंद ठेवून, हँडल दोन्ही टोकांना वळवून, मूठ सोडल्यावर ती झटक्यात परत येते का हे पाहायचे. मग इंजिन चालू करून हँडल पुन्हा वळवायचे. आवाज वाढता कामा नये. पाच मिनिटांचे हे काम घाईत वगळले जाते.

सायकलच्या दुकानातून सुरुवात कशी झाली?

सोइचिरो होंडा यांचा जन्म १७ नोव्हेंबर १९०६ चा, जपानमधल्या हामामात्सुजवळच्या कोम्यो गावातला. वडील गिहेई लोहार. पुढे ते मोडक्या सायकली आणून, दुरुस्त करून विकू लागले. शाळेत मुलाचे फारसे लक्ष नव्हते. सायकलच्या पेडलचे रबर कोरून त्याने घरच्यांचा शिक्का बनवला आणि प्रगतिपुस्तकावर उमटवला, हा किस्सा जपानमध्ये नेहमी सांगितला जातो. ‘होंडा’ हे नाव चिनी लिपीत आरशातही तसेच दिसते, म्हणून ते खपले. मित्रांसाठी बनवलेल्या शिक्क्यांवर मात्र अक्षरे उलटी उमटली आणि बिंग फुटले.

१९२२ मध्ये वयाच्या पंधराव्या वर्षी ते टोकियोच्या ‘आर्ट शोकाई’ या गॅरेजमध्ये लागले. सुरुवातीचे दिवस मालकाचे मूल सांभाळण्यात गेले. आपल्याकडे गॅरेजात लागलेल्या पोराचे पहिले काम चहा आणण्याचे असते, तसेच हे. १९२३ च्या भूकंपाने टोकियो जळाले, बरेच कामगार निघून गेले आणि जळक्या मोटारी दुरुस्त करता करता हा पोरगा कारागीर झाला. १९२८ मध्ये त्यांनी हामामात्सुत त्याच गॅरेजची शाखा उघडली.

पिस्टन रिंगने काय शिकवले?

दुरुस्तीत नाव मिळाले तरी निर्मिती जमेना. १९३७ च्या सुमारास पिस्टन रिंग बनवायला घेतल्या, तर टोयोटाकडे तपासणीसाठी दिलेल्या ५० पैकी जेमतेम ३ पास झाल्या. धातूचे शास्त्र येत नाही हे मान्य करून, तिशी ओलांडलेला हा मालक तंत्रशाळेच्या वर्गात जाऊन बसला. रिंग जमल्या, पुढे युद्धातल्या बॉम्बहल्ल्यांनी आणि १९४५ च्या भूकंपाने कारखाना मोडला. उरलेसुरले त्यांनी टोयोटाला साडेचार लाख येनला विकले.

कार्ब्युरेटर आणि साची यांची विजार

युद्धानंतर जपानमध्ये पेट्रोल नव्हते, गाड्या-बस तुडुंब भरलेल्या. १९४६ मध्ये होंडांना लष्करी वायरलेस संचांच्या जनित्राची छोटी इंजिने हाती लागली. ती त्यांनी सायकलला बसवली आणि पेट्रोलच्या टाकीच्या जागी गरम पाण्याची शेकपिशवी लावली! शेकपिशवी अर्थात धातूची, जपानी पद्धतीची. चाचणीसाठी त्यांनी पत्नी साची यांना गावातून फेरी मारायला लावली. त्या परतल्या तेव्हा अंगावरची चांगली विजार डागांनी माखली होती. कार्ब्युरेटरमधून इंधन मागे उडत होते. तो दोष होंडांनी लगेच दुरुस्त केला. ग्राहकाच्या हाती जाण्याआधी गाडीची खोड घरातच कळली, ती अशी.

२४ सप्टेंबर १९४८ रोजी होंडा मोटर कंपनी स्थापन झाली. पुढच्या वर्षी ताकेओ फुजिसावा आले. पैसा आणि विक्री फुजिसावांकडे, यंत्र होंडांकडे, ही वाटणी शेवटपर्यंत टिकली.

डावा हात मोकळा कसा झाला?

१९५६ च्या अखेरीस दोघे युरोपात गेले आणि तिथल्या छोट्या मोपेड पाहून आले. जपानचे रस्ते कच्चे, खड्ड्यांचे. त्या गाड्या तिथे टिकल्या नसत्या. होंडांनी डोळ्यांसमोर गिऱ्हाईक ठेवले ते सोबा शेवयांच्या दुकानातला पोऱ्या. एका हातावर ताटल्यांची चळत तोलत तो घरपोच खाणे पोचवायचा. त्याचा डावा हात क्लच दाबायला रिकामा नव्हता.

मग क्लचचा दांडाच नको, असे ठरले. इंजिनाचा वेग वाढला की केंद्रोत्सारी बळाने आपोआप धरणारा आणि गिअर बदलताना पायाच्या दाबाने सुटणारा क्लच तयार झाला. क्लचची केबल गेली. उरली ती उजव्या मुठीतली एक्सलेटरची. इंडिकेटरचे बटणही उजव्याच बाजूला आले. ऑगस्ट १९५८ मध्ये आलेली ही सुपर कब : ४९ सीसी, चार स्ट्रोक, ४.५ अश्वशक्ती, किंमत ५५ हजार येन. कब मालिकेच्या उत्पादनाने २०१७ मध्ये दहा कोटींचा टप्पा ओलांडला. आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत १९६१ साली १२५ आणि २५० सीसी गटांत होंडा पहिली आली, तो पराक्रम गाजला. पण जग फिरले ते कबवर.

हट्ट कुठे नडला?

होंडा हे सोशिक गृहस्थ नव्हते. काम चुकले की हातातला पान्हा फेकून मारायचे, याच्या आठवणी जुन्या सहकाऱ्यांनी सांगितल्या आहेत. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनापेक्षा हवेने थंड होणारेच बरे, हा आग्रह त्यांनी मोटारीतही धरला. ७ जुलै १९६८ रोजी फ्रेंच ग्रां प्रीमध्ये तशाच इंजिनाच्या होंडाच्या रेसकारला अपघात होऊन जो श्लेसर हा चालक जळून गेला. ती गाडी अजून तयार नाही असे चालक जॉन सर्टीज यांचे मत होते, तरी ती उतरवली गेली. होंडांच्या चरित्रातले हे पान गौरवग्रंथांत घाईने उलटले जाते. पुढे प्रदूषणाच्या नियमांसाठी पाण्याने थंड होणारेच इंजिन हवे, हे तरुण अभियंत्यांनी लावून धरले आणि शेवटी होंडांना मानावे लागले. त्यातून सीव्हीसीसी इंजिन आले. १९७३ मध्ये होंडा आणि फुजिसावा एकदमच निवृत्त झाले.

कब भारतात का रुळली नाही?

हिरोबरोबरचा करार १९८४ चा. १९८५ मध्ये सीडी १००, १९९४ मध्ये स्प्लेंडर आली, तिच्या ९७.२ सीसी इंजिनाचे आडवे सिलिंडर कबच्याच घराण्यातले. पण क्लचचा दांडा मात्र कायम राहिला. क्लचशिवायची, कबसारखी ‘स्ट्रीट’ हिरो होंडाने आणून पाहिली, ती फारशी चालली नाही. कदाचित भारतीय गिऱ्हाइकाला ती ना मोटारसायकल वाटली, ना स्कूटर. डावा हात मोकळा झाला तो वेगळ्या वाटेने, पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिक होंडाने. त्या गिअरलेस स्कूटरला क्लचचीही केबल नव्हती आणि गिअरचीही.

होंडांच्या स्वतःच्या डाव्या हाताचे काय?

तो व्रणांनी भरलेला होता. उजवा हात हातोडा चालवायचा, घाव चुकला की डाव्यावर बसायचा. बोटांची टोकेही झिजली, कापली गेली होती. त्या हाताचे, एकेका जखमेची खूण दाखवणारे चित्र त्यांनी काढले होते.

निवृत्तीनंतर दीडेक वर्ष ते जपानभरच्या होंडाच्या कारखान्यांत, विक्री दुकानांत आणि गॅरेजांत फिरले. सुमारे ७०० ठिकाणी जाऊन कामगारांशी हस्तांदोलन केले. कुणी ऑइलने माखलेला हात मागे घेतला, धुऊन येतो म्हणाला, तर ते तोच हात धरायचे. ५ ऑगस्ट १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. कंपनीतर्फे मोठी अंत्ययात्रा काढू नये, रस्त्यांवर वाहतुकीची कोंडी होईल, असे त्यांनी आधीच बजावून ठेवले होते.