ज्याच्या आडनावाचाच ‘बहिष्कार’ झाला, तो कॅप्टन बॉयकॉट नेमका होता कोण?

मोबाइल उघडला की आठवड्याआड एक तरी ‘बॉयकॉट’ ट्रेंडमध्ये दिसतोच. कधी एखादा सिनेमा, कधी एखादी कंपनी, कधी क्रिकेटची मॅच. हा शब्द आपण इतका वापरलाय की तो आता मराठीच वाटायला लागलाय.

पण हा मुळात शब्दच नव्हता, ते एका माणसाचं आडनाव होतं. दिडशे वर्षांपूर्वी ते आडनाव इंग्लंडबाहेर कुणी ऐकलंही नसेल. मग १८८० मध्ये आयर्लंडच्या एका आडबाजूच्या गावात दोन-अडीच महिन्यांचा राडा झाला आणि हे आडनाव जगातल्या कितीतरी भाषांमध्ये जाऊन बसलं.

आधी आडनावाचं बघू.

इंग्लंडमध्ये बॉयकॉट नावाच्या छोट्या वाड्या आहेत. एक श्रॉपशायरमध्ये, एक बकिंगहॅमशायरमध्ये. जुन्या इंग्रजीत ‘बोया’ हे माणसाचं नाव आणि ‘कॉट’ म्हणजे झोपडी. बोयाची झोपडी, म्हणजे बॉयकॉट. आपल्याकडे सातारकर, चिपळूणकर अशी गावावरून आडनावं पडतात, तसाच प्रकार. गावच एवढंसं असल्यावर आडनाव लावणारी माणसं तरी किती असणार? आजही हे आडनाव दुर्मिळच आहे.

आपल्या कॅप्टनची गोष्ट मात्र त्यातही वेगळी. चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट १८३२ मध्ये नॉरफॉकमधल्या बर्ग सेंट पीटर या खेड्यात जन्मला. वडील तिथले धर्मगुरू. हे घराणं मूळचं फ्रान्सचं असं सांगितलं जातं. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने प्रोटेस्टंट लोकांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं, तेव्हा जी माणसं पळून इंग्लंडला आली, त्यातलं हे एक. बाप्तिस्म्याच्या नोंदीत पोराचं आडनाव ‘बॉयकॅट’ असं आहे. पोरगं नऊ वर्षांचं असताना, १८४१ मध्ये, घरच्यांनी स्पेलिंगमधलं एक अक्षर बदललं आणि बॉयकॅटचं बॉयकॉट झालं.

ते अक्षर बदललं नसतं तर आज आपण ‘बॉयकॅट’ ट्रेंड करत असतो.

चार्ल्सला लष्कराची भारी हौस. १८४८ मध्ये तो वूलिचच्या मिलिटरी अकॅडमीत दाखल झाला आणि वर्षभरात परीक्षेत नापास होऊन बाहेर पडला. पण तो काळ असा होता की पैसे भरून अधिकारीपद विकत घेता यायचं. घरच्यांनी ४५० पौंड मोजून त्याला ३९व्या पायदळ रेजिमेंटमध्ये चिकटवलं. पलटण आयर्लंडला गेली, तसा हाही गेला. तिथे आजारी पडला, १८५२ मध्ये डब्लिनला अ‍ॅन डन या मुलीशी लग्न केलं आणि थोड्याच दिवसांत पद विकून मोकळा झाला. लष्करात होता जेमतेम तीन वर्षं. तरी लोक पुढे आयुष्यभर त्याला कॅप्टनच म्हणत राहिले.

मग तो अ‍ॅकिल नावाच्या बेटावर राहायला गेला आणि वीसेक वर्षं तिथे शेती केली. १८७३ च्या सुमारास त्याला लॉर्ड अर्न या बड्या जमीनदाराकडे काम मिळालं. अर्नसाहेबांची जमीन सगळी मिळून ४० हजार एकरांच्या वर. स्वतः ते दूर फर्मनॅ परगण्यातल्या आपल्या वाड्यात राहायचे. मेयो परगण्यात लॉक मास्क तलावाच्या काठची त्यांची सुमारे दीड हजार एकर जमीन बॉयकॉटने सांभाळायची, कुळांकडून खंड वसूल करायचा, असा व्यवहार ठरला. आपल्या भाषेत, दिवाणजी. राहायला तलावाकाठी लॉक मास्क हाऊस हा बंगला आणि कसायला स्वतःची शेती.

माणूस राक्षस वगैरे नव्हता, पण काटेकोर आणि चिकट होता. कुळांची कोंबडी आवारात शिरली की दंड, कुणी फाटक उघडं टाकलं की दंड. असले बारीक काटे लोकांच्या मनात राहतात. आणि तो काळही वाईट होता.

आयर्लंडमध्ये कसणारा एक आणि मालक दुसराच, अशी जवळपास सगळीकडे परिस्थिती होती. १८४५ च्या बटाट्याच्या दुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि तितकीच देश सोडून गेली. त्यातून सावरतायत तोवर १८७९ मध्ये पुन्हा पीक बुडालं. खंड थकला की कुळाला घराबाहेर काढायचं, हा शिरस्ता. घराबाहेर म्हणजे थेट रस्त्यावर, कारण झोपडीही मालकाच्याच जमिनीवर उभी. त्याच वर्षी मायकेल डॅविट याच्या पुढाकाराने मेयोमध्येच ‘लँड लीग’ उभी राहिली. अध्यक्ष झाला खासदार चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल.

१९ सप्टेंबर १८८० ला एनिस गावात पार्नेलची सभा झाली. हुसकावलेल्या कुळाची जमीन दुसऱ्या कुणी घेतली तर त्याचं काय करायचं, असा प्रश्न त्याने गर्दीला विचारला. गर्दीतून गोळी घाला अशी उत्तरं आली. पार्नेलने त्यांना दुसरा रस्ता सांगितला. त्या माणसाला हात लावायचा नाही. फक्त रस्त्यात, दुकानात, बाजारात, अगदी चर्चमध्येही त्याच्याशी बोलायचं नाही, महारोग्यापासून लांब राहावं तसं राहायचं.

सभा होऊन तीन दिवसही झाले नव्हते, तोच बॉयकॉट त्या तडाख्यात सापडला.

अर्नसाहेबांनी खंडात दहा टक्के सूट दिली होती. कुळांना हवी होती पंचवीस टक्के. साहेब ऐकेनात. बॉयकॉटने अकरा कुळांना बाहेर काढण्याच्या नोटिसा आणल्या. २२ सप्टेंबरला नोटीस बजावणारा माणूस पोलिस घेऊन निघाला. तीन नोटिसा लागल्या आणि मग गावच्या बायका बाहेर पडल्या. दगड, चिखल, शेण, हाताला येईल ते फेकायला सुरुवात केली. नोटीसवाला आणि पोलिस पळत सुटले ते थेट बॉयकॉटच्या बंगल्यात शिरले.

दुसऱ्या दिवशी लोक बंगल्यावर आले आणि नोकरचाकरांना काम सोडायला सांगितलं. काहींनी मनाने सोडलं, काहींनी भीतीने. मजूर गेले, लोहाराने नाल मारणं बंद केलं, धोबिणीने कपडे न्यायचं बंद केलं. टपाल आणायलाही कुणी मिळेना. शेवटी बॉयकॉटचा लहान पुतण्या टपाल आणायला निघाला, तर त्यालाही वाटेत अडवून समज दिली. जवळच्या बॅलिनरोबचे दुकानदार माल देईनात, म्हणून खाण्याचं सामान लांबून तलावातून होडीने आणावं लागलं. शेतात सलगम, बटाटे आणि धान्य उभं. कापायला माणूस नाही.

आता हे जे चाललं होतं, त्याला नाव नव्हतं.

जेम्स रेडपाथ नावाचा अमेरिकन पत्रकार तेव्हा तिथे फिरत होता. गावचे पाद्री फादर जॉन ओमॅली हे या लढ्याचे स्थानिक पुढारी. दोघं जेवायला बसले होते. रेडपाथने पुढे लिहून ठेवलंय की त्याला या प्रकाराला एक सोपा शब्द हवा होता, पुस्तकी इंग्रजी शब्द शेतकऱ्यांना कळला नसता. फादरनी जरा विचार केला आणि सुचवलं की ज्याच्यावर प्रयोग चालू आहे त्याचंच नाव देऊन टाकू. नोव्हेंबरपर्यंत लंडनचा ‘टाइम्स’ हा शब्द वापरायला लागला होता. पुढे फ्रेंच, जर्मन, डच, रशियन आणि थेट जपानी भाषेनेही तो उचलला.

हिशेब करा. माणूस अजून बंगल्यात अडकलेला आहे आणि त्याचं आडनाव क्रियापद झालंय!

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. हाच प्रयोग आपल्या पुणे जिल्ह्यात त्याच्या सहा वर्षं आधी झाला होता. शिरूर तालुक्यातल्या करडे गावात, डिसेंबर १८७४ मध्ये. सावकाराने गावातल्या देशमुखांच्या घरावर हुकूमनामा आणल्यावर गाव पेटलं. सावकारांच्या दुकानातून घ्यायचं नाही, त्यांची शेतं कसायची नाहीत, न्हावी, परीट, सुतार, लोहार, चांभार कुणीही त्यांचं काम करायचं नाही, असं ठरलं. बलुतेदारी हेच हत्यार झालं. पुढे १८७५ मध्ये सुप्याला दंगा झाला आणि वह्या-खतं जळली, ती ‘दख्खनचे दंगे’ म्हणून इतिहासात गेली. करड्याला एखादा फादर ओमॅली आणि अमेरिकन पत्रकार भेटला असता तर जगाने कुठला शब्द वापरला असता, कोण जाणे.

असो. बॉयकॉटकडे परत.

त्याने ‘टाइम्स’ला पत्र लिहून आपली हालत सांगितली. ऑक्टोबरच्या मध्याला ते छापून आलं आणि इंग्लंडमध्ये खळबळ उडाली. त्याच्यासाठी निधी गोळा झाला. उत्तरेकडच्या कॅव्हन आणि मोनॅहन परगण्यांतून पन्नास प्रोटेस्टंट मजूर पीक काढायला यायला तयार झाले. पन्नास लोकांना गावात सुखरूप पोचवायला सरकारने किती फौज लावावी? हजाराच्या आसपास सैनिक आणि पोलिस. १२ नोव्हेंबरच्या आसपास हा लवाजमा धो धो पावसात चालत लॉक मास्कला पोचला. बंगल्याच्या आवारात तंबू पडले.

लोकांनी काय केलं? काहीच नाही. फादर ओमॅलींनी आधीच सगळ्यांना बजावलं होतं की हात उचलायचा नाही. सैन्याला मारायला कुणी समोरच आलं नाही.

दोन आठवड्यांत पीक निघालं. पिकाची किंमत साधारण ५०० पौंड. ते काढायचा खर्च १० हजार पौंडांच्या घरात गेल्याचा अंदाज तेव्हा मांडला गेला. एकेक सलगम सरकारला एक शिलिंगला पडलं, अशी पार्नेलने टिंगल केली.

२७ नोव्हेंबरला बॉयकॉट बायकोला घेऊन निघाला. गाडी हाकायला गावातला एकही गाडीवान तयार होईना. शेवटी लष्कराची रुग्णवाहिका आणि लष्कराचाच चालक. डब्लिनला हॉटेलात उतरला, तर हॉटेलवाल्याला धमकीचं पत्र आलं की याला ठेवलंत तर तुमचाही बॉयकॉट करू. १ डिसेंबरला तो बोटीने इंग्लंडला निघून गेला. पुढच्या वर्षी मित्राला भेटायला अमेरिकेला गेला तो आडनाव लपवून, ‘चार्ल्स कनिंगहॅम’ म्हणून. पेपरवाल्यांनी तिथेही त्याला ओळखलंच.

पण गडी चिवट. १८८१ च्या सप्टेंबरमध्ये परत मेयोला आला. वेस्टपोर्टच्या एका लिलावात लोकांनी त्याला घेरलं आणि त्याचा पुतळा जाळला. तरी तो राहिला आणि हळूहळू वातावरण निवळलं. त्याच वर्षी ग्लॅडस्टन सरकारने जमिनीचा कायदा केला. वाजवी खंड ठरवून घेण्याची सोय झाली आणि खंड भरणाऱ्या कुळाला हुसकावणं अवघड झालं. याचं श्रेय एकट्या लॉक मास्कला देता येणार नाही, पण गोळी न झाडता मालक नमवता येतो हे तिथे सगळ्या देशाने पाहिलं होतं.

भारतात या शब्दाने मोठा मुक्काम केला तो १९०५ मध्ये. वंगभंगाविरुद्ध ७ ऑगस्टला कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये विलायती मालाच्या बॉयकॉटचा ठराव झाला. टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षण यांच्या जोडीला ‘बहिष्कार’ आला. त्याच ऑक्टोबरात पुण्यात विलायती कपड्यांची होळी पेटली. पण आपल्याकडे बहिष्काराला दुसरी बाजूही आहे. डॉ. आंबेडकरांनी १९२४ मध्ये ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ काढली आणि १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ सुरू केलं, तेव्हा त्यांनी नेमकी ती दाखवली. मेयोत दुबळ्यांनी बलवानाला एकटं पाडलं. आपल्या गावकीत बलवान दुबळ्याला वाळीत टाकायचे. ते इतकं चिवट निघालं की महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला.

आडनावाचं पुढे काय झालं म्हणाल, तर ऑर्थर एडविन बॉयकॉट नावाचे एक डॉक्टर होऊन गेले. पाणबुड्याने समुद्रातून किती सावकाश वर यावं, याचं १९०८ मधलं गाजलेलं संशोधन त्यांनी इतर दोघांबरोबर केलं. तिरक्या धरलेल्या परीक्षानळीत रक्तपेशी लवकर खाली बसतात, हेही त्यांनीच पाहिलं. त्याला आजही ‘बॉयकॉट इफेक्ट’ म्हणतात.

आणि जेफ्री बॉयकॉट तर तुम्हाला माहितीच आहे. वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेशी असलेल्या संबंधांमुळे १९८१ चा इंग्लंडचा भारत दौरा त्याच्यापायी रद्द व्हायची वेळ आली होती. दौरा झाला, त्याने दिल्लीत गॅरी सोबर्सचा सर्वाधिक कसोटी धावांचा विक्रम मोडला. आणि १९८२ मध्ये हे महाशय बंडखोर संघातून थेट दक्षिण आफ्रिकेत खेळायला गेले. बॉयकॉटनेच बॉयकॉट मोडला, म्हणून तीन वर्षांची बंदी!

कॅप्टनचे शेवटचे दिवस मात्र शांततेत गेले. १८८६ मध्ये तो सफॉकमधल्या फ्लिक्स्टनला दुसऱ्या एका जमीनदाराकडे तेच दिवाणजीचं काम करायला लागला. घोड्यांच्या शर्यतींचा नाद होता, तो सुटला नाही. १८८८ मध्ये पार्नेलवरच्या आरोपांची चौकशी झाली तेव्हा साक्ष देऊन आला. सगळ्यात नवल म्हणजे सुट्टी घालवायला तो आयर्लंडलाच जायचा.

१९ जून १८९७ ला तो गेला, वयाच्या ६५व्या वर्षी. बर्ग सेंट पीटरला, जिथे वडील धर्मगुरू होते त्याच चर्चच्या आवारात त्याला पुरलं. त्या चर्चचा मनोरा विटांचे चौकोनी डबे एकावर एक रचावेत तसा दिसतो. हा विचित्र मनोराही त्याच्याच घराण्यातल्या एका धर्मगुरूने, कॅप्टन जन्मायच्या आधी, बांधून घेतला होता.