आनंदीबाई जोशी : जिद्दीच्या आणि ताटातुटीच्या वाटेवर

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरहून रोज लोकलने मुंबईकडे जाणाऱ्या प्रवाशांना कल्याण हे केवळ गर्दीचे जंक्शन वाटते. परंतु अमेरिकेत वैद्यकीय पदवी संपादन करणाऱ्या पहिल्या भारतीय महिला डॉ. आनंदीबाई जोशी यांचे माहेर याच कल्याणातले. ज्ञानाची ओढ, माणसांचे प्रेम आणि आपले माणूस दूर जाऊ देण्याची भीती, या तिन्हींचा ताण त्यांच्या अल्प आयुष्याने सोसला.

३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या यमुनेचा विवाह नवव्या वर्षी टपाल खात्यातील कारकून गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव बिजवर आणि वयाने बरेच मोठे. पत्नीने शिकलेच पाहिजे, हा त्यांचा ध्यास त्या काळात विलक्षण होता. मात्र तो अनेकदा जाचाचे रूप घेई. अभ्यासात हयगय झाली की ते संतापत, प्रसंगी मारहाणही करीत.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांतच दगावला. पुरुष डॉक्टरांपुढे आपले दुखणे सांगण्यास संकोचणाऱ्या स्त्रियांसाठी आपणच डॉक्टर व्हावे, हा त्यांचा निर्धार पुढे पक्का होत गेला.

गोपाळरावांनी वाइल्डर या अमेरिकी मिशनऱ्याला पाठविलेले पत्र तिकडील नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते. न्यू जर्सीतील थिओडिशिया कार्पेंटर यांनी ते दंतवैद्याकडे वाट पाहत असताना वाचले. त्यातून जुळलेला पत्रव्यवहार इतका जिव्हाळ्याचा झाला, की त्या आनंदीबाईंच्या मावशी झाल्या.

समुद्रपर्यटन निषिद्ध मानणाऱ्या समाजात गोपाळरावांनी पत्नीला एकटीने परदेशी धाडण्याचे ठरविले. फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूर कॉलेजात आनंदीबाईंनी जाहीर सभेत आपल्या निर्णयामागील कारणे मांडली आणि हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परतण्याची ग्वाही दिली. एप्रिलमध्ये त्यांनी कोलकात्याहून प्रस्थान ठेवले.

आग्रहाने पाठविणाऱ्या पतीला ही ताटातूट मात्र पेलवली नाही. पत्नी बदलेल, दुरावेल, या धास्तीने त्यांची पत्रे संशयाने आणि टोमण्यांनी भरू लागली. फिलाडेल्फियाची थंडी, शाकाहाराची आबाळ आणि ढासळती प्रकृती सोसत आनंदीबाई त्यांना उत्तरे लिहीत. पूर्वीच्या मारहाणीची आठवण त्यांनी स्पष्ट शब्दांत करून दिली; तसेच पतीचे ऋणही मानले.

११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाने त्यांना एम.डी. पदवी प्रदान केली. हिंदू प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. समारंभाला गोपाळराव आणि पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील महिला विभागाचे पद त्यांची वाट पाहत होते. मात्र क्षयाने खंगून त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांची प्राणज्योत मालवली. तेव्हा त्यांना बाविसावे वर्ष पुरे व्हायला महिना उरला होता.

एकाही रुग्णालयाची सूत्रे त्यांच्या हाती आली नाहीत. तरीही त्यांच्या उदाहरणाने मराठी घरांतील मुलींना वैद्यकाची वाट दिसली. गोपाळरावांनी पत्नीच्या अस्थी स्वतःपाशी न ठेवता कार्पेंटर मावशींकडे पाठविल्या. न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथे, मावशींच्या कौटुंबिक दफनभूमीत, त्या विसावल्या आहेत.