आजचं चिंतन : अभय (गीता, अध्याय १६, श्लोक १)



आजच्या श्लोकात भगवंत दैवी गुण सांगायला लागतात आणि पहिलाच गुण येतो अभय. मी मूळचा कळंबचा. शाळेत हजेरीला नुसतं ‘हजर’ म्हणतानाही अडखळायचो. आजही टीम कॉलवर माझा नंबर जवळ आला की छातीत धडधडतं. म्हणून हा शब्द आला की मला गांधीजी आठवतात.

१८६९ साली पोरबंदरला जन्मलेला मोहन तोतरा नव्हता, पण फार बुजरा होता. कुणी बोलायला येईल या धास्तीने शाळा सुटली की पळत घरी. भुतांची भीती जावी म्हणून रंभा दाईने त्याला रामनाम घ्यायला शिकवलं. पुढे लंडनमध्ये शाकाहारी मंडळात काही मांडायचं तर ते लिहून न्यायचे आणि वाचायचं दुसऱ्याने. १८९१ला बॅरिस्टर होऊन परतले. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिली केस, फी ३० रुपये. उलटतपासणीला उभे राहिले, डोकं गरगरलं, एक प्रश्न सुचेना. खाली बसले, दुसरा वकील करायला सांगितलं आणि निघून गेले.

तोतरेपणा भित्रेपणातून येत नाही. तो बहुतेकदा लहानपणीच सुरू होतो. पण आता अडकणार ही धास्ती तो वाढवते. मग आपण बोलणंच टाळतो आणि टाळल्यामुळे धास्ती आणखी मुरते. गांधीजी तोतरे नसूनही याच चक्रात सापडले होते.

१८९३ला प्रिटोरियात ते टाळून पळाले नाहीत. तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांपुढे, व्यापारातला खरेपणा या विषयाची तयारी करून बोलले. तेच त्यांचं पहिलं जाहीर भाषण. पुढे जोहान्सबर्गला सकाळी दात घासताना, भिंतीवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या बघत गीतेचे १३ अध्याय पाठ केले. बुजरेपणा पुरता गेला नाही, पण त्यानेच आपल्याला मोजकं बोलायला शिकवलं, असं ते मानत.

आणि ८ ऑगस्ट १९४२ला, त्याच मुंबईत, गवालिया टँक मैदानावर ते बोलायला उभे राहिले. कोर्टातून निघून गेल्याला तेव्हा सुमारे ५० वर्षं झाली होती.

अभय म्हणजे जीभ सफाईदार होणं नाही. धडधड असतानाही जे खरं आहे ते बोलणं, हे अभय. गरज वाटली तर स्पीच थेरपिस्टकडे जायला लाजू नका, तेही अभयच.

आजचा नेम : बरेच दिवस टाळलेलं एक वाक्य, मनात नाम घेऊन, अडखळत का होईना, पूर्ण बोला. उद्याच्या कॉलवर मीही बोलणार आहे.

राम कृष्ण हरी.