माता रमाई : अर्पणपत्रिकेतले नाव

दापोलीजवळच्या वणंद गावी ७ फेब्रुवारी १८९८ रोजी भिकू धुत्रे यांच्या घरी रमाईंचा जन्म झाला. आई-वडिलांचे छत्र बालपणीच हरपले. १९०६ साली भायखळ्याच्या बाजारात, बाजार उठल्यावर रात्री, त्यांचा भीमरावांशी विवाह झाला.

बाबासाहेब अमेरिकेत आणि पुढे लंडनमध्ये शिकत असताना रमाईंनी शेण्या थापून, अर्धपोटी राहून संसार सांभाळला. गंगाधर, रमेश, इंदू आणि १९२६ साली राजरत्न अशी चार लेकरे गेली. एकटे यशवंत वाचले. तरीही त्या माउलीची माया आटली नाही. धारवाडच्या वसतिगृहातील उपाशी मुलांसाठी त्यांनी हातातल्या बांगड्या दिल्याची आठवण आजही सांगितली जाते. २७ मे १९३५ रोजी राजगृहात, अवघ्या ३७व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. बाबासाहेबांनी ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ त्यांच्या स्मृतीस अर्पण केला.

उंबरमाळीच्या या परिसरात आम्ही शिकवितो त्या मुलांच्या आयाही भातखाचरांत, वीटभट्ट्यांवर राबतात. कोणत्याही ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेत त्यांची नावे येणार नाहीत. ती लेकरांच्या स्मरणात राहावीत, हेच आम्ही रमाईंना खरे अभिवादन मानतो.