चेहऱ्यावरच्या पाहुण्याचं बारसं

आज सकाळी फेसवॉशने तोंड धुतलंत? छान केलंत. तरीही तुमच्या चेहऱ्यावर आत्ता, हे वाचत असतानासुद्धा, आठ पायांचे बारीक जीव राहतायत. नाकाच्या बाजूला, गालावर, पापण्यांच्या केसांच्या मुळाशी. लांबी फार तर ०.४ मिलिमीटर. दिवसा केसाच्या मुळात डोकं खाली घालून पडून राहायचं आणि तुम्ही झोपलात की रात्री बाहेर फिरायचं, हे त्यांचं रूटीन. आयुष्य साधारण दोन आठवड्यांचं. आईकडून बाळाकडे ते येतात आणि मोठ्या माणसांमध्ये तर जवळपास सगळ्यांच्याच चेहऱ्यावर सापडतात.

ईईई करू नका. बहुतेकांना त्यांचा काही त्रास होत नाही. संख्या फारच वाढली तर पापण्यांची जळजळ किंवा गालांचा लालसरपणा यांच्याशी त्यांचा संबंध जोडला जातो. तेव्हा घरगुती उपाय न करता सरळ त्वचारोगतज्ज्ञांकडे जायचं. एवढंच.

या जिवाचं नाव डेमोडेक्स. हा कोळ्याच्या नात्यातला माइट. आणि ज्या माणसाने हे नाव ठेवलं, त्याचाच आणखी एक शब्द तुम्ही तीन वर्षांचे असल्यापासून वापरताय: डायनोसॉर!

हा माणूस म्हणजे रिचर्ड ओवेन. जन्म १८०४, इंग्लंडमधलं लँकेस्टर. वडील लहानपणीच गेले. सोळाव्या वर्षी तो गावातल्या सर्जनच्या हाताखाली शिकायला लागला, मग एडिंबरा, मग लंडन. १८२७ मध्ये त्याला तिथल्या सर्जन्स कॉलेजच्या संग्रहालयात असिस्टंटची नोकरी लागली. काम काय, तर जॉन हंटर या सर्जनने जमवलेल्या हजारो हाडांची आणि बरण्यांची यादी करायची. कंटाळवाणं वाटतं ना? पण त्या बरण्यांनीच ओवेनला घडवलं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एखादा प्राणी मेला की त्याची चिरफाड करायला ओवेन हजर. एकदा म्हणे त्याची बायको कॅरोलिन घरी आली, तर दारातच मेलेला गेंडा!

हाड बघून प्राणी ओळखण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. १८३९ मध्ये न्यूझीलंडहून आलेला हाडाचा एक तुकडा त्याच्या हातात पडला. जेमतेम वीतभर. त्यावरून त्याने जाहीर केलं, की तिथे शहामृगासारखा, उडता न येणारा प्रचंड पक्षी होऊन गेला. लोक साशंक होते. काही वर्षांत हाडांच्या पेट्या आल्या आणि ओवेन बरोबर निघाला. तो पक्षी म्हणजे मोआ.

१८४२ मध्ये इंग्लंडमध्ये सापडलेल्या तीन अवाढव्य सरीसृपांना एका गटात बसवून त्याने डायनोसॉर हे नाव दिलं. त्याच वर्षी बर्लिनमध्ये गुस्टाव्ह सिमोन नावाचा त्वचेचा डॉक्टर पिंपल्स तपासत होता. मायक्रोस्कोपखाली त्याला अळीसारखा लांबट जीव हलताना दिसला. त्याने त्याचं नीट वर्णन केलं, नावही ठेवलं. पण हा इतर माइटपेक्षा अगदीच वेगळा आहे, म्हणून १८४३ मध्ये ओवेनने त्याला नवं कुळनाव दिलं, डेमोडेक्स. ग्रीकमधून घेतलेल्या या नावाचा अर्थ चरबी पोखरणारी अळी. त्याच १८४३ मध्ये त्याने मोआचंही शास्त्रीय नाव ठेवलं. म्हणजे एकाच वर्षात दोन-तीन माणसांएवढ्या उंच पक्ष्याचं आणि डोळ्याला न दिसणाऱ्या किड्याचं बारसं!

आपल्याकडचाही एक धागा आहे. नागपूरच्या दक्षिणेला मांगलीजवळ हिस्लॉप आणि हंटर या मिशनऱ्यांना एका प्राचीन उभयचराची कवटी मिळाली. १८५५ मध्ये तिचं वर्णन करून ब्रॅकिऑप्स हे नाव दिलं ते ओवेननेच. नागपूरकरांनो, हिस्लॉप कॉलेजचे हिस्लॉप ते हेच.

इथपर्यंत माणूस हिरो वाटतो. आता दुसरी बाजू.

१८३५ मध्ये जेम्स पॅजेट हा २१ वर्षांचा मेडिकलचा विद्यार्थी होता. पहिलंच वर्ष. शवविच्छेदन करताना त्याला स्नायूंमध्ये पांढरे ठिपके दिसले. बाकीच्यांनी दुर्लक्ष केलं. हा मायक्रोस्कोप शोधत फिरला आणि प्रत्येक ठिपक्यात वेटोळं घालून बसलेला जंत त्याने पाहिला. नमुने ओवेनकडेही पोचले. ओवेनने त्यावर निबंध वाचला, जंताला नाव दिलं आणि शोध गाजला ओवेनच्या नावाने. पॅजेट मागेच राहिला.

गिडियन मॅन्टेल हा खेड्यापाड्यात फिरणारा डॉक्टर. इग्वानोडॉन जगासमोर आणला तो त्याने, १८२५ मध्ये. ओवेनने वर्षानुवर्षं त्याला खाली खेचलं. मॅन्टेल १८५२ मध्ये गेल्यावर त्याला कमी लेखणारा निनावी मृत्युलेख छापून आला. तो ओवेननेच लिहिला, असं मानलं जातं. पुढे १८६० मध्ये डार्विनच्या पुस्तकावर त्याने निनावी टीका लिहिली आणि त्यात स्वतःचंच भरपूर कौतुक केलं. एके काळी हाच डार्विन प्रवासातून आणलेले जीवाश्म विश्वासाने त्याच्याकडे देत होता.

तरी लंडनचं नॅचरल हिस्ट्री म्युझियम उभं राहिलं ते ओवेनच्या हट्टामुळे. १८८१ मध्ये ते उघडलं. अभ्यासकांइतकंच ते सामान्य माणसाचं असावं, हा त्याचा आग्रह होता. १८९२ मध्ये तो गेला. म्युझियमच्या मोठ्या जिन्यावर बरीच वर्षं त्याचा पुतळा होता. पुढे तो हलवला आणि तिथे डार्विनला बसवलं.

मग ओवेन चांगला की वाईट? तुम्ही ठरवा. पण ठरवण्याआधी त्या किड्याचं पूर्ण नाव बघा. डेमोडेक्स फॉलिक्युलोरम आणि पुढे कंसात: सिमोन, १८४२. प्राणिशास्त्राचा नियमच आहे. एखाद्या जातीचं कुळनाव पुढे कोणी बदललं, तरी तिला पहिल्यांदा नाव देणाऱ्याचं नाव पुसायचं नाही, ते कंसात ठेवायचं. ओवेन कितीही मोठा असला, तरी तो कंस त्याला खोडता आला नाही. पॅजेटच्या वेळी मात्र असा कंस नव्हता. तो पुढे नामवंत सर्जन झाला, हाडांच्या एका आजाराला आजही त्याचं नाव आहे. मॅन्टेलच्या नशिबात तेही सुख आलं नाही.

तुमच्या पुढच्या ग्रुप प्रोजेक्टच्या वेळी हे आठवा. रात्री जागून डेटा कोणी गोळा केला आणि पहिल्या स्लाइडवर नाव कोणाचं आहे? आणि आरशात पिंपल दिसला, तर तो फोडू नका. १८४२ मध्ये एका डॉक्टरने तो फक्त नीट पाहिला होता.