वसंतराव नाईक आणि शिक्षिकेचे निवृत्तिवेतन

यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यात गहुली हा बंजारा तांडा. वसंतराव नाईक तेथे १ जुलै १९१३ रोजी जन्मले. शाळेसाठी गावोगाव हिंडत ते नागपूरला पोहोचले. मॉरिस कॉलेजातून पदवीधर झाले आणि पुढे वकील. १९४१ मध्ये नागपूरच्या घाटे या ब्राह्मण घराण्यातील वत्सलाबाईंशी त्यांनी विवाह केला. त्या काळी ही गोष्ट सोपी नव्हती. समाजाचा रोष त्यांना सोसावा लागला. पुसदचे नगराध्यक्षपद, आमदारकी, मंत्रिपद ही पुढील चढण सर्वपरिचित आहे.

शिक्षकवर्गाने मात्र त्यांच्या चरित्रातील दोन घटना ध्यानात ठेवाव्यात. महसूलमंत्री असताना त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनुसार १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्या व प्राथमिक शाळांचा कारभार त्यांच्याकडे आला. खाजगी अनुदानित माध्यमिक शाळांतील शिक्षकांना त्या वेळी भविष्य निर्वाह निधीवरच वार्धक्य कंठावे लागे. ५ डिसेंबर १९६३ रोजी नाईक मुख्यमंत्री झाले. त्यांच्या कारकीर्दीत, ४ नोव्हेंबर १९६८ च्या शासन निर्णयाने, या शिक्षकांना १ एप्रिल १९६६ पासून निवृत्तिवेतन लागू झाले.

निवृत्तिवेतनाचा हिशेब वेतन आणि सेवेची वर्षे यांवर होतो. त्यात स्त्री-पुरुष असा भेद नाही. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणाऱ्या बाईलाही पुरुषाच्याच दराने मजुरी देणारी योजना याच राजवटीत वाढीस लागली, हे येथे आठवते.

परंतु नियम समान असला तरी आयुष्ये समान नसतात. प्रसूतिरजा सेवेत धरली जाते. मूल वाढविण्यासाठी नोकरी सोडली, तर ती वर्षे कोणी धरीत नाही. राजीनामा दिला की मागील सेवाही सामान्यतः बाद होते, आणि दहा वर्षांची अर्हताकारी सेवा भरली नाही तर मासिक निवृत्तिवेतन नाही. पतीच्या बदलीपायी राजीनामा देणारी शिक्षिका आठव्या वर्षी थांबली, तर मासिक निवृत्तिवेतनापोटी तिच्या हाती उरते ते शून्य. पत्नीच्या बदलीपायी नोकरी सोडणारे शिक्षक किती आढळतील?

नाईक २० फेब्रुवारी १९७५ रोजी पायउतार झाले, १९७७ मध्ये वाशीममधून लोकसभेवर गेले आणि १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे निवर्तले. खंडित सेवेचा प्रश्न त्यांच्या राजवटीत सुटला नाही, पुढेही नाही. १ नोव्हेंबर २००५ पासून नेमणूक झालेल्यांसाठी जुनी योजना बंद होऊन अंशदायी योजना आली. तिच्यात तर घरी काढलेल्या प्रत्येक वर्षाची वर्गणीच जमा होत नाही.