शल्यविशारदच जेव्हा रुग्ण होतो

हृदयातून निघालेले रक्त सर्व शरीराला पुरविणारी मुख्य वाहिनी म्हणजे महारोहिणी. छातीत किंवा पोटात तिची भिंत कमकुवत होऊन फुगली आणि फुटली, तर रुग्ण काही मिनिटांतच दगावू शकतो. हा फुगवटा काढून तेथे कृत्रिम नळी शिवण्याची शस्त्रक्रिया रूढ करणाऱ्यांत अमेरिकेतील डॉ. मायकेल डिबेकी अग्रणी होते. वयाच्या ९७व्या वर्षी त्यांच्यावरच अशा शस्त्रक्रियेची वेळ आली, तेव्हा मात्र त्यांनी तिला नकार दिला होता.

डिबेकी यांचा जन्म ७ सप्टेंबर १९०८ रोजी लुइझियाना राज्यातील लेक चार्ल्स येथे झाला. आई-वडील लेबनॉनहून आलेले. आईकडून ते बालपणीच शिवणकाम शिकले. वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच त्यांनी तयार केलेला रक्ताचा पंप पुढे हृदय-फुफ्फुस यंत्राचा महत्त्वाचा भाग ठरला. १९४८मध्ये ते ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयात रुजू झाले. १९५२मध्ये त्यांनी व डॉ. डेंटन कूली यांनी पोटातील महारोहिणीचा फुगवटा काढून तेथे मृत दात्याची रक्तवाहिनी जोडली. परंतु अशा वाहिन्या पुरेशा मिळत नसत. पर्याय शोधत डिबेकी कापडाच्या दुकानात गेले. नायलॉन संपले होते, म्हणून त्यांनी डेक्रॉन घेतले आणि पत्नीच्या शिवणयंत्रावर त्याच्या नळ्या शिवल्या. डेक्रॉनची नळी पुढे जगभरातील शस्त्रक्रियागृहांत पोहोचली.

३१ डिसेंबर २००५ रोजी घरी काम करीत असताना त्यांच्या छातीत तीव्र कळ आली. महारोहिणीचे अस्तर फाटले असावे, हे निदान त्यांनी स्वतःच केले. तपासणीत ते खरे ठरले. या विकाराचे प्रकार ठरविणारे वर्गीकरणही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. शस्त्रक्रिया न केल्यास मृत्यू अटळ आहे, याची त्यांच्याइतकी जाण क्वचितच कोणाला असेल. तथापि, इतक्या वयात वाचूनही परावलंबी जिणे वाट्याला येण्याची भीती त्यांना अधिक वाटत होती.

फुगवटा वाढत गेला. फेब्रुवारी २००६मध्ये त्यांची शुद्ध हरपली. त्यांनी आधी नोंदविलेल्या अनिच्छेमुळे भूलतज्ज्ञ पुढे येण्यास कचरले. रुग्णालयाच्या नीतिविषयक समितीची रात्री तातडीने बैठक बसली. चर्चा लांबत असताना पत्नी कॅट्रिन यांनी बैठकीत शिरून विनाविलंब शस्त्रक्रियेचा आग्रह धरला. समितीने संमती दिली. दीर्घकाळचे सहकारी डॉ. जॉर्ज नून यांच्या पथकाने सुमारे सात तासांत फाटलेला भाग काढून तेथे डेक्रॉनची नळी बसविली.

पुढचे महिने कठीण होते. कृत्रिम श्वसन, डायलिसिस, संसर्ग आणि कमालीचा अशक्तपणा या साऱ्यांतून त्यांना जावे लागले. उपचारांचा खर्च १० लाख डॉलरच्या वर गेला. अखेर सप्टेंबर २००६मध्ये ते घरी परतले आणि हळूहळू पुन्हा कामाला लागले. आपल्या इच्छेविरुद्ध पाऊल उचलणाऱ्यांविषयी त्यांनी नंतर समाधानच व्यक्त केले. एप्रिल २००८मध्ये अमेरिकी काँग्रेसचे सुवर्णपदक त्यांनी स्वतः स्वीकारले. ११ जुलै २००८ रोजी, शंभरी अवघ्या दोन महिन्यांवर असताना, त्यांचे निधन झाले.

मिळालेल्या सुमारे अडीच वर्षांनी शस्त्रक्रियेचा निर्णय सार्थ ठरविला, असे म्हणता येईल. पण ते वाचले नसते, तर त्याच निर्णयाला रुग्णाच्या इच्छेचा अव्हेर म्हटले गेले असते. आज मांडीतील रोहिणीतून नळी सरकवून पोटातील अनेक फुगवट्यांवर उपचार होतात, त्यामुळे वृद्धांना मोठी चीर टाळता येते. तरीही अतिवृद्ध रुग्णासाठी काय शक्य आहे आणि त्याला स्वतःला काय हवे आहे, हे दोन प्रश्न वेगळेच राहतात. ते दोन्ही रुग्ण शुद्धीवर असतानाच, कुटुंबीयांसमक्ष विचारले जायला हवेत, हा धडा या थोर शल्यविशारदाच्या आजारपणाने दिला.